बारा जणींची यादी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याविषयी. दुसरा स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याविषयी, आणि तिसरा, आवाज थोडा खाली आणून, तिकडे जेवणाचे काय केलेत याविषयी. या तिन्ही बाबतींत माझी उत्तरे अगदीच निराशाजनक आहेत. नायगारा पाहायचा राहून गेला. पुतळा बोटीतून पाहिला, पण तो चित्रात दिसतो तसाच होता. आणि जेवायला दोन्ही वेळा बहिणीच्या हातची पोळी-भाजी होती. २०२३ सालच्या जून-जुलैतले सहा आठवडे मी न्यू जर्सी राज्यातल्या एका लहानशा गावी काढले, आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून बारा वर्षांच्या मुलींचा सॉफ्टबॉल पाहिला. प्रवासात काय पाहायचे हे पाहुण्याच्या हाती थोडेच असते? ते यजमानांच्या हाती असते, आणि माझ्या यजमानांच्या घरात त्या उन्हाळ्यात दुसरा विषयच नव्हता.

गाव म्हणजे आपल्या मनातले गाव नव्हे. एक लांबलचक रस्ता, त्यावर अग्निशामक दलाचे लाल दारांचे घर, ग्रंथालय, दोन चर्च, पिझ्झाचे एक दुकान, आणि अलीकडे आलेले एक भारतीय वाणसामानाचे दुकान. घरे लाकडी, अंगणांना कुंपण नाही, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिले चार दिवस मला प्रश्न पडला होता की या गावात माणसे राहतात तरी कुठे? पाचव्या दिवशी संध्याकाळी बहिणीने मला मोटारीत घालून मैदानावर नेले आणि उत्तर मिळाले. सगळे गाव तिथे लोटले होते. आजोबा होते, कडेवरची मुले होती, कुत्री होती. एका कोपऱ्यात लाकडी खोपटे होते. त्यात मुलींचे आईबापच पाळीपाळीने उभे राहून लिंबाचे सरबत आणि बरणीतल्या खारवलेल्या अख्ख्या काकड्या विकत होते. जूनमध्ये तिकडे साडेआठपर्यंत उजेड असतो. तो मावळू लागला की कडेच्या गवतावर काजवे चमकू लागत. मृगाच्या तोंडावर आपल्या सह्याद्रीत चमकतात तसेच. मला एकदम घरी असल्यासारखे वाटले.

आता या खेळाविषयी दोन शब्द. महाराष्ट्रातल्या शाळांच्या स्पर्धांत सॉफ्टबॉल असतो, त्यामुळे काही वाचकांच्या मुलींना तो माझ्याहून चांगला ठाऊक असेल. मला मात्र नावावरून वाटले होते की मऊ चेंडूचा, मुलींना बेताचा असा काही खेळ असेल. त्या चेंडूचा घेर बारा इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तीन इंचांनी मोठा; वजनही त्याच्याहून जास्त; आणि अंगाला लागला तर मऊपणाचा भ्रम जागच्या जागी फिटतो. नाव पडले ते जन्मकथेमुळे. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका नौका-क्लबात काही तरुण फुटबॉलच्या सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. कुणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी तो मोजा दोरीने चेंडूसारखा आवळून घरातल्या घरात खेळायचा बेसबॉल काढला. मोजा गेला, नाव राहिले. चेंडू हात खांद्यावरून नव्हे तर खालून टाकायचा असतो. पण टाकणारी मुलगी आधी हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवते. बारा वर्षांच्या मुलींत हे अंतर चाळीस फूट. चांगल्या तयारीच्या मुलीचा चेंडू ताशी पन्नास मैलांनी येतो, म्हणजे समोरच्या पोरीला विचार करायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. मला तर साडीच्या निऱ्या सावरायलाही एवढा वेळ पुरत नाही.

माझी भाची आठ वर्षांची असल्यापासून गावच्या लीगमध्ये खेळते. या लीगची रीत साधी आहे. जी मुलगी नाव देईल तिला घ्यायचे, सगळ्या मुली चार-पाच संघांत वाटून टाकायच्या, आणि वसंतभर आपापसांत खेळायचे. कोणाचा बाप संघ शिकवतो, कोणाची आई गुण मांडते. धावता न येणारी, चेंडू आला की डोळे मिटणारी, मैदानाच्या टोकाला उभी राहून फुलपाखरे पाहणारी, सगळ्या चालतात. मोसम संपला की गावच्या सगळ्या संघांतून बारा मुली निवडतात. त्यांना ‘ऑल-स्टार’ म्हणायचे. छातीवर गावाचे नाव असलेला सदरा मिळतो आणि त्या शेजारच्या गावांशी खेळायला जातात. जिंकत गेल्या तर जिल्हा, विभाग, राज्य, मग कनेक्टिकटमधले ब्रिस्टल, आणि अगदी शेवटी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला जगज्जेतेपदाची स्पर्धा. बहुतेक गावांची यात्रा जिल्ह्यातच आटोपते. पण तो सदरा मिळणे हीच मुलींच्या लेखी मोठी गोष्ट.

आता त्यातली मेख. आदल्या वर्षापासून भाची एका क्लबाकडूनही खेळू लागली होती. अशा संघाला तिकडे ‘ट्रॅव्हल टीम’ म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. संघ पाच-पन्नास मैलांच्या टापूतून चाचणी घेऊन निवडलेला, शिक्षक पगारी, हिवाळ्यात मोठ्या छपराखाली सराव, आणि उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात स्पर्धा. पुष्कळ स्पर्धांत तर आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरावे लागते. फी, कपडे, बॅट, हॉटेले, पेट्रोल. माझे मेहुणे हिशेबी गृहस्थ. त्यांनी मला वही दाखवली. वर्षाकाठी काही हजार डॉलरांचा तो मामला होता. मी म्हटले, “एवढ्यात तर आपल्याकडे मुलीचे लग्न होईल.” मेहुणे म्हणाले, “ताई, इथे यातून मुलीचे कॉलेज होईल अशी आशा असते.”

ही आशा कुठून आली ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर हे लोक नुसते उधळे वाटतील. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करता कामा नये. त्यामुळे कॉलेजांत मुलींचे संघ निघाले, खेळाडू मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, १९८२ पासून कॉलेजांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. कॉलेजचे निवडकर्ते मुली हेरतात ते गावच्या मैदानांवर येऊन नव्हे. एका ठिकाणी शंभर संघ जमतात अशा क्लबांच्या स्पर्धांत. मध्यंतरी तर सातवी-आठवीतल्या मुलींना तोंडी वचने देण्यापर्यंत मजल गेली होती. २०१८ साली कॉलेजांच्या संघटनेने त्याला आळा घातला. आणि या सगळ्या खटाटोपाच्या टोकाला काय? मी गेले त्या वर्षी वरच्या श्रेणीच्या कॉलेजाला साऱ्या संघासाठी मिळून पुऱ्या बारा शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्याच तुकडे करून वीसेक जणींत वाटत. बाराच्या यादीचे हे वेड असे वरपर्यंत पोचलेले आहे.

तर गावात भांडण लागले होते ते असे. त्या वर्षी गावात क्लबाकडून खेळणाऱ्या चार मुली होत्या. ऑल-स्टार संघात येण्यासाठी मोसमातले निदान साठ टक्के सामने गावच्या लीगमध्ये खेळलेली असावी, असा दंडक होता. सामने चौदा. चौघींनी नऊ-नऊ खेळून दंडक कसाबसा पुरा केला होता. राहिलेल्या दिवशी त्या क्लबाबरोबर गेल्या होत्या. खेळ म्हणाल तर चौघी गावात सर्वांत वरचढ, त्यात संशय नाही. त्या आल्या की बारांतल्या चार जागा गेल्या, आणि चार जणी बाहेर. बाहेर राहणाऱ्यांत बहिणीच्या शेजारची मुलगी होती. भाचीची अगदी पहिल्या इयत्तेपासूनची मैत्रीण. तिची आई रात्रपाळीला इस्पितळात कामाला जाते; क्लबाचे नाव त्या घरात कोणी काढत नाही. ती मुलगी चौदाच्या चौदा सामने खेळली होती. पावसाने एक सामना पुढे ढकलला, तोही. उजव्या टोकाला उभी राहायची, म्हणजे चेंडू क्वचितच जातो तिथे.

ग्रंथालयाच्या तळघरात पालकांची सभा भरली. बहीण म्हणाली, “ताई, तू घरीच थांब, कंटाळशील.” मी कशाला थांबते! लीगचे अध्यक्ष धंद्याने नळकाम करणारे होते. हातावरचे डाग तसेच घेऊन आले होते. पहिल्याने बोलले ते चौघींतल्या सर्वांत तरबेज पिचरचे वडील. ते म्हणाले, “माझी मुलगी याच मैदानावर चेंडू टाकायला शिकली. ती मेहनत करते म्हणून ती परकी झाली का? गणितात हुशार असलेल्या पोराला गावच्या गणिताच्या स्पर्धेला कोणी बसू नको म्हणते का?” मुद्दा बिनतोड होता. त्यावर एक लठ्ठशा बाई उठल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीला उन्हाळ्यात चाळीस सामने आहेत. माझ्या मुलीला हे तीन आहेत. पुढल्या वर्षी ती खेळणारही नाही. तेरा वर्षांनंतर या गावात क्लबाबाहेर संघच होत नाही.” हाही मुद्दा बिनतोड होता. तिसऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की शेजारचे गाव संघात सगळ्या क्लबवाल्याच मुली उतरवते; आपण नाही उतरवल्या तर चार डावांत घरी येऊ. कुणीतरी मागून म्हणाले, “मग येऊ!” आणि हशा पिकला. एक शिक्षक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले की पन्नास मैलांचा चेंडू झेलणारी कॅचर गावच्या लीगमध्ये आहे कुठे? एकटी पिचर आणून भागत नाही, तिच्याबरोबर तिची कॅचरही आणावी लागते, आणि असे करता करता गावचा संघ म्हणजे क्लबाचीच पाती होते.

मला त्या तळघरात आमच्या आजोळची जत्रा आठवली. कृष्णाकाठचे गाव ते. दुपारी फड भरायचा. पहिल्याने लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि दिवे लागायच्या सुमाराला मानाची शेवटची कुस्ती. शेवटच्या कुस्तीला कोल्हापुरातल्या तालमीतला पैलवान आला तर गाव त्याला डोक्यावर घ्यायचा. त्याला पाहायलाच तर गर्दी जमायची. पण तोच पैलवान रेवड्यांच्या फडात लंगोट कसून उतरला असता तर पंचांनी त्याला हाताला धरून बाहेर काढले असते. त्यात त्याच्या ताकदीचा अपमान नव्हता. रेवड्या कोणासाठी ठेवल्या आहेत एवढाच तो प्रश्न होता. आणि गावचाच पोरगा तालमीत राहून तयार होऊन आला तर? तेव्हा मात्र पंचांत कुजबूज व्हायची, कारण पोरगा तर आपला आहे. या तळघरातली अडचण नेमकी तीच होती. चौघी बाहेरच्या नव्हत्या.

माझे मत मी तिथे मांडले नाही. पाहुण्या बाईने मांडायचे नसते. इथे मांडते. अंगात कसब आहे म्हणून मुलीला दाराबाहेर ठेवणे मला पटत नाही. पण कसब आहे म्हणून हवे तेव्हा यावे आणि सदरा घालावा, हेही पटत नाही. गावचा सदरा हे कसबाचे बक्षीस नसून सोबतीचे आहे. साठ टक्के ही त्याची कमीत कमी किंमत झाली, पुरी किंमत नव्हे. आमच्या कॉलेजातही पंच्याहत्तर टक्के हजेरी मोजून घेणारा विद्यार्थी असतो आणि वर्गात खरोखर बसलेला असतो. दोघे परीक्षेला बसतात, पण वर्गाच्या सहलीत कोणाला नेले तर सहल रंगते ते मुलांना विचारावे.

सभेने त्या दिवशी निकाल दिला नाही. अध्यक्षांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. मी परकी बाई एवढे लक्ष देऊन ऐकते आहे याचे त्यांना कौतुक वाटले असावे, जाता जाता म्हणाले, “विल्यम्सपोर्टला जाऊन या. हे सगळे तिथे सुरू झाले.”

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. त्याच्या आदल्या दिवशी काही खरेदीसाठी होबोकनला जाणे झाले होते. हडसन नदीच्या काठचे हे जुने शहर, समोर न्यूयॉर्कचे मनोरे. १९ जून १८४६ रोजी इथल्या एलिशियन फील्ड्स नावाच्या कुरणात बेसबॉलचा एक प्रसिद्ध सामना झाला. नियम बसवणाऱ्या निकरबॉकर क्लबाचा त्यात २३-१ असा धुव्वा उडाला. कुरण आता नाही. रस्त्याच्या नाक्यावर खुणेचा दगड आहे. पण मला होबोकन आठवते ते मारिया पेपेमुळे. १९७२ साली ही मुलगी इथल्या मुलांच्या संघातून लिटल लीगमध्ये तीन सामने खेळली. मुलींना बंदी होती. संस्थेने होबोकनची मान्यताच काढून घेण्याचा इशारा दिला आणि तिला घरी बसावे लागले. स्त्रियांच्या संघटनेने दाद मागितली. सिल्व्हिया प्रेसलर या अधिकारी बाईंनी १९७३ साली मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि १९७४ साली न्यायालयाने तो उचलून धरला. तोवर मारियाचे खेळायचे वय उलटून गेले होते. त्याच १९७४ साली लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला. म्हणजे ग्रंथालयाच्या तळघरात ज्या बारा जागांवरून एवढी झकाझकी चालली होती, त्या मुळात एका मुलीच्या तीन सामन्यांतून निघालेल्या. भाचीला हे सांगितले तर ती म्हणाली, “मग तिला एकसुद्धा सामना नाही मिळाला पुढे?” नाही, म्हटले, २००४ साली विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेत मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावले तेवढेच. भाची बराच वेळ गप्प होती.

विल्यम्सपोर्ट पेनसिल्व्हेनियात आहे. वाट डेलावेअर नदीच्या खिंडीतून जाते. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर. आपला वरंध घाट त्याहून देखणा, हे मी मोटारीत बोलून दाखवले आणि मेहुण्यांनी सौजन्याने मान डोलावली. हे शहर एके काळी इमारती लाकडाच्या व्यापाराने गबर झाले होते. वखारवाल्यांचे वाडे एका रस्त्यावर अजून उभे आहेत. १९३८ साली कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार माणूस आपल्या नात्यातल्या दोन पोरांशी अंगणात चेंडू खेळत होता. चेंडूमागे धावताना लिलॅकच्या झुडपात त्याचा पाय खरचटला, आणि तो पायरीवर बसला असता त्याच्या मनात आले की मोठ्यांसारखी या पोरांसाठीही एक लीग का नसावी? वर्गणीसाठी तो दारोदार हिंडला. एका दुग्धालयाने तीस डॉलर दिले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला: लंडी लंबर २३, लायकमिंग डेअरी ८. वखारवाल्यांनी दूधवाल्यांना हरवले. (होबोकनलाही तेवीसच! मला या आकड्याची मोठी मौज वाटली.)

नदीपलीकडे दक्षिण विल्यम्सपोर्टला आता टोलेजंग क्रीडांगण आहे. १९५९ पासून ऑगस्टात तिथे बेसबॉलची जागतिक स्पर्धा होते, तिकीट नसते. मैदानामागे गवताची उंच टेकडी आहे, आणि सामने चालू असताना पोरे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बसून तिच्यावरून घसरत असतात. आम्ही गेलो तेव्हा सामने नव्हते, पण भाचीने कुठून तरी पुठ्ठा पैदा केलाच. बाजूच्या संग्रहालयात सारे काही आहे. पण मी बहिणीला म्हटले, स्टॉट्झचे जुने मैदान पाहिल्याशिवाय निघायचे नाही. कारण या गृहस्थाची पुढची कथा मला त्या टेकडीहून मोलाची वाटते. लीग वाढत वाढत देशभर पसरली, कंपन्यांचा पैसा आला, कार्यालय आले. स्टॉट्झला हे मानवले नाही. गल्लीतल्या पोरांचा खेळ गल्लीत राहावा, जगज्जेतेपदाच्या मागे लागून हरवू नये असे त्याचे म्हणणे. १९५५ साली मामला कोर्टात गेला. जनक आणि अपत्य यांची फारकत झाली. तो आपली मूळची छोटी लीग घेऊन वेगळा राहिला. नदीच्या अलीकडे, रहदारीच्या रस्त्याला लागून ते मैदान आहे. लहानसे. कुंपणाशी उभे राहून मी पाहिले तेव्हा आत कोणी नव्हते. मेहुणे बराच वेळ तिथे रेंगाळले. परतीच्या वाटेवर त्यांनी हिशेबाचा विषय काढला नाही, हे मी लक्षात ठेवले.

आम्ही परतलो तो निकाल आलेला होता. अध्यक्षांनी आणि त्यांच्या मंडळाने काढलेला तोडगा मला शहाणपणाचा वाटला. चौघींना घ्यायला हरकत नाही. मात्र प्रत्येकीने लिहून द्यावे की ऑल-स्टारचे सामने संपेपर्यंत गावचा सराव आणि गावचा सामना आधी, क्लब मागाहून. जी लिहून देणार नाही तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

आता आला का पेच! जिल्ह्याचे सामने ज्या शनिवार-रविवारी, त्याच दिवशी क्लबाची पेनसिल्व्हेनियात मोठी स्पर्धा. हॉटेलचे पैसे भरून झालेले, ते परत मिळणार नव्हते. क्लबाच्या शिक्षकाने सगळ्यांना कळवून टाकले होते की जी येणार नाही तिला फलंदाजीतला आपला क्रम गमवावा लागेल. पिचर मुलीच्या वडिलांनी नकार कळवला, दुसऱ्या एकीनेही. त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ज्याचे पैसे गुंतलेत त्यालाच ते कळते. आमच्या घरी त्या रात्री बहीण आणि मेहुणे स्वयंपाकघरात दार लावून बोलत होते, आणि लाकडी घरात दार लावून काही उपयोग नसतो. “एवढे वर्ष घालवलेस, आता एका सदऱ्यासाठी?” असे एक. “तिला विचारलेस का?” असे दुसरे. कोणाचे कुठले वाक्य ते सांगत नाही.

भाची माझ्याच खोलीत निजायची. मी विचारले, “तुला काय वाटते गं?”

ती म्हणाली, “मावशी, क्लबात सामना चालू असताना गाणी म्हटलेली चालत नाहीत. इथे चालतात.”

ही गाणी म्हणजे काय ते सांगायला हवे. आपली एखादी मुलगी बॅट घेऊन उभी राहिली की कुंपणाआड बसलेल्या बाकीच्या मुली टाळ्यांच्या ठेक्यावर, जाळीला धरून गाणी म्हणतात. प्रत्येकीच्या नावाचे गाणे असते, सवाल-जबाब असतात, मध्येच प्रतिपक्षाला चिमटा असतो. सूर्यफुलाच्या बिया चघळत चाललेले हे गायन प्रथम ऐकले तेव्हा मला भोंडल्याचीच आठवण झाली. फेर तेवढा नव्हता. खिरापत होती, ती काकडीची.

भाचीने सकाळी कागदावर सही केली. मेहुणे काही बोलले नाहीत. फक्त वहीत हॉटेलच्या रकमेपुढे एक आडवी रेघ मारली. शेजारची मुलगी यादीत बारावी आली.

सामन्यांचे वर्णन लांबवत नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या गावाने आम्हांला चार डावांतच १३-२ असे लोळवले. दहा धावांचा फरक पडला की खेळ तिथेच थांबवतात. त्यांची पिचर ताडमाड उंच होती आणि तिच्या सदऱ्याखालून क्लबाच्या रंगाचा मोजा डोकावत होता. तळघरातले ते भाकीत करणारे गृहस्थ माझ्या मागेच बसले होते. ते जे काही पुटपुटले ते इथे छापण्यासारखे नाही. दोनदा हरेपर्यंत संघ स्पर्धेबाहेर जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे राहिलो, आणि ९-७ असे जिंकलो. त्या सामन्याच्या अखेरच्या डावात चेंडू उंच उडाला तो नेमका उजव्या टोकाकडे. सगळ्या मैदानाने श्वास रोखला. शेजारची मुलगी दोन पावले पुढे आली, तीन मागे गेली, आणि चेंडू तिच्या मोज्यात बसला. कसा, ते तिलाही कळले नसावे. तिची आई रात्रपाळीवरून थेट आली होती, इस्पितळाच्या निळ्या कपड्यांत. ती ओरडली नाही. तिने माझा हात धरला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही. आमची ओळख म्हणजे कुंपणावरून हसण्यापुरती.

दुपारचा सामना ८-३ असा हरलो आणि खेळ आटोपला. त्यात भाचीच्या हातून दोन चेंडू सुटले. शेवटच्या डावाच्या सुमाराला मी पाहिले, जाळीबाहेर, झाडाखाली, ती पिचर मुलगी उभी होती. क्लबाची सकाळीच हार झाली होती, त्यामुळे ती लवकर परतली होती. अंगावर क्लबाचाच सदरा, पाठीवर थैली. आत गाणे चालू होते. ती प्रथम नुसती ऐकत होती, मग बाहेरूनच टाळ्या वाजवू लागली, आणि शेवटच्या सवालाचा जबाब तिने बाहेरून दिला. आतल्या मुलींनी वळून पाहिले आणि पुढचा सवाल तिच्याकडे तोंड करून म्हटला. तिचे वडील मोटार चालू ठेवून वाट पाहत होते.

मी परत निघण्याआधी क्लबाचा एक सामना पाहिला. मैदान उत्तम, गवत कातरलेले, काकडीचे खोपटे नाही, गाणी नाहीत. आदल्या महिन्यापर्यंत भाची तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला येत असे. त्या दिवशी ती नववी आली.